दिवाळीच्या सुट्टीत मराठी वाचन: पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी घरच्या घरी सराव

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत मूल मराठी अस्खलित बोलतं, पण तिसरीत गेलं तरी दुकानाची पाटी एकेक अक्षर लावत वाचतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीचे तास मोजके आणि घरीही देवनागरी वाचायची वेळ क्वचितच येते. दिवाळीची सुट्टी यासाठी फार चांगली, कारण या दिवसांत लिहिण्यावाचण्याची खरीखुरी कामं निघतात. फराळाचे डबे ओळखू यायला हवे असतात, सामानाची यादी करायची असते, किल्ल्यावर पाट्या लावायच्या असतात, गावी आजीला काही कळवायचं असतं. वहीत दहा ओळी शुद्धलेखन काढायला बसवण्यापेक्षा ही कामं मुलाच्या हाती द्या. मात्र कोणते शब्द आधी घ्यायचे आणि कोणते नंतर, हे ठरवून द्या. तिथे चुकलं तर मूल दोन दिवसांत कंटाळतं.

पहिलीच्या मुलासाठी रोज १५ मिनिटं पुरतात, दुसरी-तिसरीसाठी २० ते २५. नरकचतुर्दशी ते भाऊबीज या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा पाच मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. खरा सराव दिवाळीच्या आधीचे सहा-सात दिवस आणि भाऊबीजेनंतर उरलेली सुट्टी यांत होतो.

आधी मूल कुठे आहे ते पाहा

हे दहा शब्द मोठ्या अक्षरांत एकाखाली एक लिहा: घर, सण, वात, दिवा, लाडू, पेढा, करंजी, किल्ला, प्रकाश, लक्ष्मी. पहिल्या दोन शब्दांत काना-मात्रा काही नाही, पुढे काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि शेवटच्या तिन्हींत जोडाक्षर येतं. मूल सलग दोन शब्दांवर अडलं की थांबवा. तिथून एक पायरी मागे या आणि सुट्टीचं काम तिथूनच सुरू करा. ‘पेढा’ न वाचणाऱ्या मुलाला ‘लक्ष्मीपूजन’ पाठ करून घेतलं, तर ते शब्दाचा आकार लक्षात ठेवून म्हणून दाखवतं. ते वाचन नव्हे.

पहिलीतल्या मुलाला सगळी अक्षरंच ओळखता येत नसतील, तर क-ख-ग च्या ओळीने जाऊ नका. ग, म, भ, न ही वळणाने जवळची अक्षरं आधी, मग र, स, त, व. इतक्यावर लगेच शब्द होऊ लागतात आणि मुलाला हुरूप येतो.

शब्दांची कार्डं हाताने लिहा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू त्यासाठी छान. साधारण १५ × ७ सेंमीचा तुकडा, जाड काळा मार्कर आणि अक्षराची उंची निदान तीन सेंमी. चित्र काढायचं असेल तर मागच्या बाजूला. पुढे चित्र असलं की मूल पणती बघतं आणि ‘दिवा’ म्हणून मोकळं होतं.

हाताने लिहायला सांगण्याला कारण आहे. फोनवर शोधलं की दिवाळीचे तयार तक्ते ढीगभर मिळतात, पण त्यातले बरेच हिंदी असतात. त्यांत ळ नसतो. शिवाय बऱ्याच टंकांतले (फाँटमधले) ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे नसतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण नुकतं वाचायला लागलेलं मूल ‘हे कुठलं अक्षर?’ म्हणून अडकतं. कार्डावर पुस्तकातलंच वळण ठेवा. आणि शिरोरेषा शेवटी एका फटक्यात ओढू नका. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, घ आणि म यांची सलग. घाईत ओढलेल्या रेघेने ‘धन’चं ‘घन’ होतं आणि ‘भात’चा ‘मात’. मुलाचं वाचन चुकतंय असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा कार्डच चुकलेलं असतं.

दिवसांची नावं: क्रम बदलून घ्या

दिनदर्शिकेत वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज असा क्रम आहे. वाचायला मात्र तो गैरसोयीचा. पाडवा, भाऊबीज आणि वसुबारस यांत एकही जोडाक्षर नाही, म्हणून ही तीन आधी. उरलेली तीन लांबलचक आणि जोडाक्षरांची. ती दुसरी-तिसरीसाठी ठेवा आणि पहिलीच्या मुलाला तुम्ही वाचून दाखवा.

लांब शब्द कात्रीने खरोखर कापा. धन – त्रयो – दशी. लक्ष्मी – पूजन. ‘लक्ष्मी’ पुन्हा फोडायची झाली तर ‘ल – क्ष्मी’ असं तोडू नका, कारण सुटं ‘क्ष्मी’ कुणालाच धड म्हणता येत नाही. ‘लक् – ष्मी’ असं तोडलं की जीभ सहज वळते.

सगळ्यात जास्त घोळ नरकचतुर्दशीचा. शुभेच्छांच्या बॅनरवरसुद्धा ‘चतुदर्शी’ असं छापलेलं दिसतं, मग मुलांचं काय! रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर असतो, त्या अक्षराच्या आधी र ऐकू येतो. शब्द हळू म्हणायला लावा: च – तुर् – दशी. ‘तुर्’नंतर लगेच कोणतं अक्षर आलं? द. मग रफार द च्या डोक्यावर. त्यासोबत ‘प्रकाश’, ‘भुईचक्र’ आणि ‘धनत्रयोदशी’ ठेवा. तिथे र अक्षरानंतर ऐकू येतो, म्हणून तो पायाशी. या चार शब्दांत र ची दोन्ही रूपं येतात.

डब्यांवरच्या पट्ट्या

फराळ डब्यात गेला की प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी लागायला हवी आणि ती मुलाने लिहायची. शब्द दाखवून उतरवून घेऊ नका. तुम्ही म्हणा, त्याने ऐकून लिहायचं. चकली, चिवडा, शेव, करंजी, लाडू, शंकरपाळी, अनारसे. ‘चकली’ आणि ‘चिवडा’ यांतला च कानाला वेगळा लागतो आणि मूल तसं विचारेलही. दोन्हीला अक्षर एकच, इतकंच सांगा. घरी मराठी बोलणारं मूल उच्चार बरोबर करतंच.

ह्रस्व-दीर्घ शिकवायला फराळाइतकी सोयीची यादी नाही. चकली, करंजी, शंकरपाळी, पणती, रांगोळी, फुलबाजी, लाडू, झेंडू: शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी किंवा उकार दीर्घ. हा एकच नियम दिला तरी पट्ट्यांवरच्या बहुतेक चुका थांबतात. तिसरीच्या मुलाला पुढची पायरी द्या. तूप, दूध, पीठ, मीठ, फूल, कंदील यांत शेवटचं अक्षर साधं आहे आणि त्याच्या आधीचं दीर्घ. पण शब्द पुढे वाढला की ते ह्रस्व होतं: तुपात, दुधात, पिठाचा, मिठाचं, फुलांची, कंदिलात. कार्डाच्या एका बाजूला ‘तूप’, दुसऱ्या बाजूला ‘तुपात’ लिहून अशी सहा कार्डं करा आणि उलटसुलट वाचायला द्या. पहिलीच्या मुलाची वेलांटी चुकली तर या सुट्टीत सोडून द्या. त्याने ऐकून शब्द लिहिला, हेच मोठं काम झालं.

ळ आणि ण यांकडे मात्र पहिलीपासून लक्ष हवं. ‘दिवाली’ आणि ‘पनती’ हे उच्चारातूनच लिहिण्यात येतं. वेल आणि वेळ, मन आणि मण अशा जोड्या म्हणून दाखवा आणि कोणता शब्द म्हटला ते कार्ड उचलायला सांगा. आधी कानाला फरक कळला पाहिजे, मग हाताला कळतो.

शंकरपाळ्यांची कृती

वाचून समजलं की नाही, हे तपासायला प्रश्नोत्तरांपेक्षा कृती बरी, कारण चुकीचा क्रम लगेच दिसतो. प्रमाण साधं: एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा. पुढची सात वाक्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहा.

दूध, तूप आणि साखर एकत्र गरम करा.
साखर विरघळली की गॅस बंद करा.
मिश्रण गार होऊ द्या.
मावेल तेवढा मैदा घालून पीठ घट्ट मळा.
पीठ अर्धा तास झाकून ठेवा.
जाडसर पोळी लाटून कातण्याने शंकरपाळ्या कापा.
मंद आचेवर तळा.

पट्ट्या विस्कटून द्या आणि क्रम लावायला सांगा. पहिलीच्या मुलाला चारच द्या: मिश्रण गार करणं, मळणं, कापणं, तळणं. बहुतेक मुलं ‘मिश्रण गार होऊ द्या’ ही पट्टी शेवटी, तळण्यानंतर ठेवतात. लगेच ‘चूक’ म्हणू नका. तळलेलं गार करतात हे त्यांनी पाहिलेलं असतं, म्हणजे विचार बरोबरच आहे. त्यांना ‘मिश्रण’ या शब्दाकडे परत न्या: कशाचं मिश्रण? इथे मूल पहिल्यांदा एका शब्दावरून पुराव्यासारखा अर्थ काढतं.

क्रम लागला की पट्ट्यांच्या आधी ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ हे शब्द घालून पुन्हा वाचून घ्या. नंतर प्रत्यक्ष शंकरपाळ्या करा. गॅसजवळचं आणि तळणीचं काम मोठ्यांचं; मळायला मदत, लाटणं आणि कापणं मुलाचं.

मग संध्याकाळी त्याला विचारा, ‘काय काय केलंस?’ इंग्रजी माध्यमातली मुलं इथे अडखळतात. वाक्य येतं, ‘दूध गरम केला, पोळी लाटलं.’ मैदा घातला, पोळी लाटली, पीठ मळलं, शंकरपाळ्या कापल्या: या चार वाक्यांत तो, ती, ते आणि अनेकवचन असं सगळं येतं. मुलाचं वाक्य थांबवून दुरुस्त करू नका. त्याचं झालं की तेच वाक्य बरोबर करून सहज म्हणा: ‘हो, दूध गरम केलं, आणि मग?’ दोन-तीन दिवस हे कानावर पडलं की मूल स्वतःच बदलतं. ‘केलं म्हण, केला नाही’ असं सारखं टोकलं तर ते सांगायचंच बंद करतं.

किल्ला

सोसायटीच्या आवारात किल्ला होत असेल तर पाट्या लिहायचं काम लहानांकडे द्या. पहिलीसाठी गड, तट, तोफ, माची, मावळा, दरवाजा. पुढच्या मुलांसाठी बुरूज, बालेकिल्ला, टेहळणी. एक गोष्ट सांभाळा. ‘किल्ला’ वाचायला सोपा आहे, पण ‘किल्ल्यावर’ झालं की ल्ल्या येतो आणि पहिली-दुसरीची मुलं तिथे कोसळतात. त्यांच्या पाट्यांवर ‘गडावर’ लिहा.

पहिली पाटी सूचनेची असू द्या: ‘माती ओली आहे. हात लावू नका.’ ही पाटी मुलं सगळ्यात मनापासून लिहितात, कारण तिचा उपयोग होतो. कुणी वाचून हात मागे घेतला की लिहिण्याचं कारण त्यांना कळतं.

अळीव पेरायचे असतील तर दिवाळीच्या आठवडाभर आधी पेरा आणि रोज एक ओळ लिहून घ्या. ‘आज अळीव पेरले.’ ‘आज पाणी घातलं.’ ‘आज कोंब आले.’ एका ओळीपेक्षा जास्त मागू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल आपणहून दोन ओळी लिहू लागलं तर उत्तम.

बघायला येणाऱ्यांसाठी माहितीचा फलक पाच वाक्यांपेक्षा मोठा नको. दुसरीसाठी असा चालेल: ‘हा शिवनेरी गड. हा गड जुन्नरजवळ आहे. शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला. गडाला सात दरवाजे आहेत. गडावर शिवाई देवीचं देऊळ आहे.’ तिसरीच्या मुलांना रायगड द्या आणि १६७४ साली झालेला राज्याभिषेक लिहायला लावा. ज्या आणि भि या अक्षरांवर आधी सराव करून घ्या. आपल्याच गावातला किल्ला करायचा तर घोडबंदर आणि बेलापूर आहेतच. ठाण्याचा किल्लाही करता येईल. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, हे वाचून दाखवलं की मोठी माणसंही थांबून ऐकतात.

फलक मुलाने उभं राहून वाचायचा. त्याआधी घरी तीनदा वाचून घ्या: पहिल्यांदा शब्द नीट लागण्यासाठी, दुसऱ्यांदा पूर्णविरामाला थांबण्यासाठी, तिसऱ्यांदा मान वर करून समोर बघत. पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच वाचायला लावलं तर मूल बावरतं आणि पुढच्या वेळी टाळतं.

बाजार आणि लोकल

जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या बाजारात जाण्याआधी यादी मुलाकडून लिहून घ्या. पाच-सहा वस्तू, प्रमाणासकट: झेंडू १ किलो, पणत्या १२, रांगोळी ४ पाकिटं. देवनागरी आकड्यांचा सराव इथेच होतो. इंग्रजी अंकांची सवय असलेलं मूल ४ ला आठ आणि १ ला नऊ म्हणतं. बसचा नंबर वाचतानाही हीच गडबड होते. गर्दीत पाट्या वाचायला लावू नका. तिथे यादीतली वस्तू घेतली की टिक करायची, इतकंच.

वाचनाला लोकल जास्त सोयीची. ठाण्याहून वाशीला जाताना स्टेशनांची यादी हातात द्या: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. फलाटावर नाव दिसलं की खूण करायची. ऐ, घ, ळ, ण, खै आणि रफार एवढं सगळं या नऊ नावांत आहे. ‘तुर्भे’ वाचता आलं की चतुर्दशीतला ‘तुर्’ सुटतोच. कल्याणच्या बाजूला जाणार असाल तर कळवा, मुंब्रा, दिवा आहेत, आणि दिव्याला मुलं खूश होतात. डब्यातल्या इंडिकेटरवर भरवसा ठेवू नका. त्यावरचं नाव सरकतं, भाषा बदलते आणि नवख्या वाचकाला वेळ पुरत नाही. फलाटावरचा स्थिर फलक बरा.

दिवाळी अंक आणि मोठ्याने वाचन

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला अंक येतो. मुलांसाठी वेगळा बालअंक घ्या आणि तो मुलालाच निवडू द्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तसं एखादं ग्रंथालय जवळ असेल तर एक दुपार तिथे घालवा.

निवडताना एक पान वाचून पाहायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर तो मजकूर तुम्ही वाचून दाखवायचा. एक-दोनच मिटली तर मुलाने. बालअंकातल्या बऱ्याच गोष्टी तिसरीच्या मुलालाही जड जातात, म्हणून कविता, कोडी आणि चित्रांखालच्या ओळी त्याच्या वाट्याला ठेवा.

एक परिच्छेद असा घ्या: आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघं एकदम, मग मूल एकटं. शब्दावर अडलं तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. तरी नाही जमलं तर पहिलं अक्षर सांगा, मग पूर्ण शब्द. वाक्य संपलं की ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या, नाहीतर अर्थ निसटतो. श चा स झाला तर वाचन थांबवू नका, नंतर वेगळं घ्या.

कोडी वाचून झाली की तसंच एक करायला सांगा. वस्तू लपवायची आणि तिच्या चार खुणा सांगायच्या: ‘गोल गोल वळते, तेलात तळते, अंगावर काटे, दाताखाली कुरकुर.’ यमक जुळलं नाही तरी हरकत नाही. खुणा नेमक्या हव्यात.

पत्र

पोस्टकार्डावर मजकूर चार ओळींचा. पहिलीसाठी ‘शुभ दिवाळी’. ‘शुभेच्छा’तला च्छ दुसरीनंतर. ‘मजेत आहे’ यावर थांबू नका, एक खरी बातमी लिहायला लावा: ‘आमच्या गडाला कोंब आले.’ पत्ता आणि सहा आकडी पिनकोड मुलानेच लिहायचा, पण आधी कागदावर.

घरी मराठी बोलत नसतील तर

नवी मुंबईत शेजारच्या घरातली मुलंही या कामांत येतात, येऊ द्या. त्यांना आधी वस्तू हातात द्या, शब्द दोन-तीनदा ऐकवा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि मगच कार्ड दाखवा. जो शब्द कानाने ओळखीचा नाही, तो अक्षरं लावून वाचला तरी डोक्यात राहत नाही. ळ आणि चकलीतला च त्यांना जिभेवर बसायला वेळ लागतो, तोवर लिहिणं पुढे ढकला.

सगळं करूनही तिसरीचं मूल साधे दोन अक्षरी शब्द चुकवत असेल, ओळ सोडत असेल किंवा कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर सराव वाढवू नका. आधी डोळे तपासून घ्या. शाळा उघडली की मराठीच्या बाईंना भेटा आणि सुट्टीत त्याने ऐकून लिहिलेल्या पट्ट्या, यादी आणि पोस्टकार्डाचा कच्चा कागद सोबत न्या. उतरवून काढलेल्या वहीपेक्षा त्यावरून अडचण कुठे आहे ते लवकर कळतं.